लीगमधला सामना बरोबरीत सोडवायचा का? स्नूकर खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हंगामाच्या तोंडावर हा वाद निघतो आणि चहाच्या तीन फेऱ्या झाल्या तरी मिटत नाही. आपल्या लीगमध्ये छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड आणि लातूरचे मिळून सहा संघ खेळतात. एका संघात तीन जण, प्रत्येकाच्या दोन फ्रेम (फ्रेम म्हणजे स्नूकरचा एक डाव), म्हणजे सामना सहा फ्रेमचा. तीन तुम्ही मारल्या, तीन आम्ही मारल्या, आता काय? गुणपत्रक माझ्याकडं असल्यामुळं हा प्रश्न शेवटी माझ्याच दारात येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. साखळीत बरोबरी ठेवावी, बाद फेरीत ठेवू नये. कारणं खाली सविस्तर दिली आहेत.

स्नूकरमध्ये बरोबरी होतेच कशी? काळा चेंडू परत ठेवतात ना?

ठेवतात, पण ते फ्रेमपुरतं. टेबलावरचा शेवटचा चेंडू, म्हणजे काळा, पडल्यावर दोघांचे गुण सारखे निघाले, समजा ५८-५८, तर काळा त्याच्या जागेवर परत ठेवायचा आणि नाणं उडवायचं. आधी कोण खेळणार हे नाणेफेक जिंकणाऱ्यानं ठरवायचं, आणि पांढरा ‘डी’मध्ये, म्हणजे टेबलाच्या एका टोकाकडच्या अर्धवर्तुळात, हवा तिथं ठेवून खेळ सुरू करायचा. त्यानंतरच्या पहिल्या पॉटला (चेंडू खिशात गेला की) किंवा पहिल्या फाउलला फ्रेम संपते. हा खेळाचा मूळ नियम आहे, आपण त्याला हात लावत नाही. फ्रेम बरोबरीत सुटत नाही म्हणजे नाहीच.

सामना किती फ्रेमचा हे मात्र ज्याची स्पर्धा त्यानं ठरवायचं असतं. सम आकडा घेतला की बरोबरीची शक्यता आली. पुढचे सगळे प्रश्न या सामन्याच्या बरोबरीबद्दल आहेत.

३-३ झाल्यावर एक निकाली फ्रेम खेळवली तर काय बिघडतं?

पहिल्या हंगामात आम्ही तेच करत होतो, आणि मीच तो नियम लिहिला होता. तो का बदलला ते सांगतो.

सातव्या फ्रेमला कर्णधार कुणाला उतरवणार? आपल्या सगळ्यात भारी गड्याला. आता एका संघात एक जण पट्टीचा खेळाडू आणि बाकी दोघं नवखे आहेत असं धरा. पट्टीच्या गड्यानं आपल्या दोन्ही फ्रेम मारल्या. उरलेल्या चार फ्रेमपैकी त्या दोघांनी मिळून कशीबशी एक काढली. झाले ३-३. सातवीला पुन्हा तोच गडी आला आणि सामना घेऊन गेला. समोरच्या संघातली तिन्ही पोरं बरी खेळली, एका माणसाचा अपवाद सोडला तर चारपैकी तीन फ्रेम त्यांनी जिंकल्या, तरी हरून घरी गेली. निकाली फ्रेम ठेवली की एकखांबी संघाला फायदा होतो. लीग काढली ती प्रत्येक क्लबात तीन-तीन, सहा-सहा खेळाडू तयार व्हावेत म्हणून. नियम त्याच्या उलट ओढणारा नको.

दुसरं कारण माझ्या मनाला जास्त लागलेलं आहे. एका रात्री ३-३ झाले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. पाहुण्या संघातल्या कॉलेजच्या एका पोरानं त्या दिवशी आपल्या दोन्ही फ्रेम काढल्या होत्या, त्याही त्याच्यापेक्षा कितीतरी मुरलेल्या खेळाडूंकडून. साहजिकच सातवीला कर्णधारानं त्यालाच पाठवलं. सकाळपासून प्रवास, पोटात काही नाही, आणि गाडीची वेळ झाली म्हणून बाकीचे दोघं बॅगा भरून दारात उभे. गुलाबीवर त्याचा सोपा पॉट हुकला आणि सामना गेला. निघताना तो मला म्हणाला, “सर, दोन मारल्या तरी मॅच माझ्यामुळंच गेली म्हणतील.” पुढचे दोन सामने तो आलाच नाही. पत्रकावर मी ‘पराभव’ लिहिलं ते नियमानं बरोबर होतं. पण त्या संध्याकाळी घडलेलं ते नव्हतं. सहा फ्रेममध्ये दोन्ही संघ तोडीस तोड होते, आणि हेच पत्रकावर यायला हवं होतं.

जत्रेतला कुस्तीचा फड आठवा. ‘निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान’ असं पोस्टरवर छापलं असेल तर निकाल लागेपर्यंत जोड सोडत नाहीत. एरवी दोन्ही पैलवान सारखेच निघाले आणि वेळ झाली, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम निम्मं निम्मं होतं. कुस्ती वाया गेली असं फडावरचा कुणीही म्हणत नाही. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांच्या लातूर जिल्ह्यातल्या माणसांना तर हे मी समजावून सांगायची गरज नाही. साखळी सामना आणि निकाली सामना हे दोन वेगळे प्रकार आहेत, एवढंच म्हणणं आहे.

मग पाच फ्रेम ठेवा. बरोबरीचा प्रश्नच उरणार नाही.

नाही उरणार. एकाच क्लबातल्या खेळाडूंची घरगुती लीग असेल तर मीही पाचच सुचवीन.

गावोगावचे संघ असले की मात्र गणित बिघडतं. पाच फ्रेम तिघांत सारख्या वाटता येत नाहीत. एकाला एकच फ्रेम मिळते, आणि जालन्याहून साठ किलोमीटर येऊन एक फ्रेम खेळून परत जायचं म्हटलं की माणूस दुसऱ्या वेळी येत नाही. शिवाय आपल्या बहुतेक क्लबांत सामन्याला दोन टेबलं मिळतात. एक फ्रेम साधारण चाळीस मिनिटांची धरली तर सहा फ्रेम दोन टेबलांवर दोन तासांत उरकतात. सातवी आली की एक टेबल मोकळं पडतं, क्लबमालकाचं भाडं बुडतं, आणि चार माणसं घड्याळाकडं बघत बसतात.

बरोबऱ्या फार होतील का?

होतील, आणि ते आधीच मान्य करून पुढं जायला हवं. दोन्ही बाजू अगदी सारख्या ताकदीच्या असतील तर सहा फ्रेमचे निकाल ६४ प्रकारे लागू शकतात, आणि त्यातले २० प्रकार ३-३ चे असतात. म्हणजे जवळजवळ ३१ टक्के. एक बाजू थोडी वरचढ असेल, दर फ्रेमला जिंकण्याची शक्यता ६० टक्के, तरी बरोबरीची शक्यता सुमारे २८ टक्के राहते. ७० टक्के इतका फरक असला तर ती साडेअठरावर येते. सहा संघ एकमेकांशी दोनदा खेळले तर तीस सामने होतात. संघ तुल्यबळ असतील तर त्यातले आठ-नऊ सामने बरोबरीत सुटणार.

काहींना हा आकडा ऐकून धसका बसतो. मला उलट वाटतं. ज्या रात्री ३-२ असते त्या रात्री शेवटची फ्रेम कुणीच सैल सोडत नाही. पुढं असलेल्याला पूर्ण विजय हवा असतो, मागं असलेल्याला निदान एक गुण वाचवायचा असतो. क्लबात गुण मांडणारे मार्करमामासुद्धा टेबलाजवळ उभे राहून बघतात.

मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत कधी बरोबरी असते का?

बाद पद्धतीच्या स्पर्धांत नसते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना ३५ फ्रेमचा असतो, विषम आकडा. १९८५ साली डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांचा अंतिम सामना १७-१७ वर आला, आणि शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर टेलरनं तो जिंकला. तो सामना लोक अजून सांगतात. निकाली फ्रेमची बाजू घेणारे नेमकं हेच उदाहरण देतात आणि ते देणं योग्यच आहे, फक्त तो अंतिम सामना होता हे विसरू नये.

साखळी पद्धतीत बरोबरी चालते. प्रीमियर लीग स्नूकरमध्ये बरीच वर्षं साखळी सामने सहा फ्रेमचे होते आणि ३-३ झाल्यास दोघांना एकेक गुण मिळायचा. ती लीग रॉनी ओ’सुलिव्हननं दहा वेळा जिंकली, म्हणजे बरोबरी ठेवल्यामुळं खरा चांगला खेळाडू मागं पडला असं काही झालं नाही. कोविडच्या टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स इथं चॅम्पियनशिप लीग झाली, तिच्यातही गटातले सामने चार फ्रेमचे होते आणि २-२ ला बरोबरी होती. ती बेल्जियमच्या लुका ब्रेसेलनं जिंकली. २०२३ मध्ये तोच जगज्जेता झाला.

विजयाला दोन गुण द्यायचे की तीन?

दोन. या एका मुद्द्यावर मी हटून बसतो.

फुटबॉलमध्ये तीन गुण देतात हे खरं. इंग्लंडच्या लीगनं ते १९८१ मध्ये सुरू केलं, विश्वचषकात १९९४ पासून आलं. तिथं त्याची गरज होती, कारण फुटबॉलमध्ये काहीच न करता बरोबरी मिळवता येते. अकराही जण मागं उभे करायचे, नव्वद मिनिटं चेंडू बाहेर मारायचा, ०-० आणि एक गुण खिशात. स्नूकरमध्ये असं करून बघा. ३-३ साठी तीन फ्रेम खरोखर जिंकाव्या लागतात, कारण प्रत्येक फ्रेमचा निकाल लागतोच. नुसतं सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा चेंडू मिळू नये एवढंच बघून, खेळत बसून कुणाला बरोबरी मिळत नाही. ज्या दुखण्यावर तीन गुणांचं औषध निघालं ते दुखणं आपल्याला नाही.

त्या औषधाचा एक वाईट परिणामही आहे. विजयाला तीन आणि बरोबरीला एक दिला तर दोन संघांच्या दोन बरोबऱ्यांतून प्रत्येकाला दोन गुण मिळतात. पण घरचा सामना तू घे, परतीचा मी घेतो असं ठरवलं तर प्रत्येकाला तीन. म्हणजे ठरवून खेळणाऱ्याला बक्षीस. २-१-० मध्ये दोन्हीकडून प्रत्येकी दोनच येतात. ठरवण्यात काही मिळत नाही.

चॅम्पियनशिप लीगमध्ये तीन आणि एक आहे, तेही मला माहीत आहे. तिथं गटात चारच खेळाडू, प्रत्येकाचे तीनच सामने, आणि पुढं जाणार एक. इतक्या थोड्या सामन्यांत क्रम ताणून वेगळा करावा लागतो. आपल्याकडं दहा सामने आहेत.

बरोबरी ठेवली की सेटिंग होईल.

ही भीती खोटी नाही. शेवटच्या फेरीत दोन्ही संघांना एकेक गुण पुरत असेल तर मनात येऊ शकतं. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्यात असाच दोघांच्या सोयीचा सामना झाला होता आणि अल्जीरिया बाहेर गेला. तिथं निकाल १-० होता, बरोबरी नव्हती. सेटिंग करणारा कोणत्याही निकालाची करतो.

त्या प्रकारानंतर फुटबॉलनं गटातले शेवटचे सामने एकाच वेळी ठेवायला सुरुवात केली. आपणही तेच करतो. शेवटच्या फेरीचे तिन्ही सामने एकाच रविवारी, एकाच वेळी सुरू होतात. दुसरा उपाय फ्रेम सोडून देण्याबद्दल आहे. टेबलावर उरलेले गुण पिछाडीपेक्षा कमी असतील तरच फ्रेम सोडता येईल. ३० गुणांनी मागं आणि फक्त रंगीत चेंडू उरलेत, म्हणजे २७, तर सोडा. टेबलावर चार लाल असताना, २० नं मागं असलेला माणूस हात मिळवून मोकळा होत असेल तर ती फ्रेम आम्ही तपासणार.

आपल्याकडं हरेल त्यानं टेबलाचं बिल द्यायची रीत आहे. बरोबरीत कोण देणार?

लीगच्या सामन्यात ती रीत लागूच नाही, निकाल काहीही लागो. टेबलाचं भाडं दोन्ही संघांनी निम्मं निम्मं द्यायचं. चहा-नाश्ता यजमानांचा.

थोडं जास्त बोलतो, कारण बरोबरी नको म्हणणाऱ्या अनेकांच्या मनात मुळाशी हीच सवय बसलेली असते असं मला वाटतं. पार्लरमध्ये फ्रेम संपली की कुणीतरी पाकीट काढायचंच, म्हणून कुणीतरी हरायलाच पाहिजे. लहान गावातली कितीतरी पोरं याच कारणानं आपल्यापेक्षा चांगल्या खेळाडूशी खेळायला धजत नाहीत. हरलं तर बिल अंगावर येणार. आणि चांगल्याशी खेळल्याशिवाय खेळ सुधारत नाही. लीगची रात्र तरी या हिशेबातून सुटलेली असू द्या.

३-३ झाल्यावर सहाही फ्रेमच्या गुणांची बेरीज करून किंवा सगळ्यात मोठ्या ब्रेकवरून (एका पाळीत सलग मारलेल्या गुणांवरून) निकाल का लावत नाही?

कारण खेळताना कुणी त्यासाठी खेळत नव्हतं. ७० नं पुढं असलेला खेळाडू उरलेले रंगीत चेंडू मारत बसत नाही, फ्रेम तिथंच संपते. मग त्याच न मारलेल्या गुणांवरून त्याच्या संघाला हरवायचं का? २०१९ चा क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. लॉर्ड्सवर दोन्ही संघांच्या २४१ धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्येही १५-१५, आणि निकाल कशावर लागला तर चौकार-षटकारांच्या संख्येवर. न्यूझीलंडचं काय चुकलं हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीनं तो नियम बदलला.

कबड्डीनं साखळीतली बरोबरी काढून टाकली, मग आपण का ठेवायची?

प्रो कबड्डीत पूर्वी बरोबरीला तीन-तीन गुण मिळायचे, आणि २०२५ च्या हंगामापासून साखळी सामन्यांनाही टायब्रेकर आला. पण कबड्डीचा टायब्रेकर काही चढायांत, काही मिनिटांत संपतो आणि त्यात सगळा संघ उतरतो. आपला टायब्रेकर चाळीस मिनिटांचा आणि एका माणसाचा.

मग एक काळा चेंडू ठेवून दोन मिनिटांत निकाल लावू या?

नको. दोन तासांच्या खेळाचा निकाल नाणेफेकीवर आणि एका चेंडूवर लावणं मला पटत नाही. स्नूकर शूट आउटमध्ये गुण बरोबर झाले तर निळ्या चेंडूवर निकाल लावतात, पण तिथं अख्खी फ्रेमच दहा मिनिटांची असते. तिला ते शोभतं.

लाइट गेली आणि फ्रेम अर्धी राहिली तर ती बरोबरी धरायची का?

नाही. फ्रेम बरोबरीत सुटत नाही हे वर सांगितलंच आहे.

लाइट गेली की पहिल्यांदा सगळ्यांनी टेबलापासून दोन पावलं मागं व्हायचं. अंधारात कुणाचा तरी हात, शर्टाची बाही किंवा क्यू चेंडूला लागतोच. मग मोबाइलच्या उजेडात टेबलाचे फोटो घ्यायचे, दोन्ही टोकांकडून एकेक आणि शक्य असेल तर वरून एक. गुण आणि पाळी कुणाची ते लिहून दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्यायच्या. अर्धा तास थांबायचं. लाइट आली तर तिथूनच पुढं खेळायचं. नाही आली तर ती फ्रेम रद्द, आणि परतीच्या सामन्याच्या दिवशी आधी ती फ्रेम नव्यानं खेळवायची. तोपर्यंत तो सामना गुणतक्त्यात ‘अपूर्ण’ राहतो.

उन्हाळ्यात हे दोन-तीनदा होतंच, म्हणून एप्रिल-मेचे सामने शक्यतो इन्व्हर्टर असलेल्या क्लबांत ठेवतो. बसची किंवा रेल्वेची वेळ झाली म्हणून पाहुणे निघाले तर मात्र वेगळं. सामना ठरलेल्या वेळेला सुरू झाला असेल तर अर्धी फ्रेम समोरच्याला जाते. यजमानांनी उशिरा सुरू केला असेल तर ती फ्रेम रद्द होऊन पुन्हा होते.

दोघंही नुसते सेफ्टी खेळतायत, फ्रेम पुढंच सरकत नाही. तेव्हा?

पंचानं दोघांना ताकीद द्यायची. तरीही काही फरक पडला नाही तर चेंडू पुन्हा रचायचे, गुण शून्य, आणि आधी ज्यानं फोडली होती त्यानंच परत फोडायची. नियमपुस्तकातलंच आहे.

हँडिकॅप दिल्यावर बरोबऱ्या वाढतात का?

वाढतात. हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला आधीच दिलेले गुण, देतोच मुळी दोघांना सारखं आणण्यासाठी.

उपांत्य आणि अंतिम सामन्याचं काय?

ते निकाली. तिथं ३-३ झाले तर सातवी फ्रेम खेळायची, पूर्ण पंधरा लाल चेंडूंची. सातवीचा खेळाडू कोण हे दोन्ही कर्णधारांनी सामना सुरू होण्याआधी चिठ्ठीवर लिहून मार्करमामांकडं द्यायचं. त्या दिवशी दोन फ्रेम जिंकलेल्या गड्याला ऐन वेळी उतरवायचा मोह होतो, तो या चिठ्ठीमुळं टळतो. बरं, हे दोन्ही सामने सकाळी दहाला सुरू होतात, त्यामुळं कुणाला गाडी गाठायची घाई नसते.

गुणतक्त्यात दोन संघ सारखे राहिले तर?

आधी जास्त सामने कुणी जिंकले ते बघायचं, मग फ्रेममधला फरक, मग दोघांनी आपसांत खेळलेल्या दोन सामन्यांतल्या फ्रेम. विजय पहिला ठेवलाय तो मुद्दाम. बरोबरीला मान आहे, पण जिंकण्याची ओढ कमी व्हायला नको.

बरोबरी झाल्यावर पत्रकावर काय लिहायचं?

निकालाच्या रकान्यात ‘३-३, बरोबरी’ असं लिहा. ‘विजेता’ हा रकाना रिकामा सोडू नका, त्यात आडवी रेघ ओढा. रिकामा रकाना नंतर कुणीतरी भरतो, हे एकदा झालेलं आहे. सहाही फ्रेमचे गुण आणि प्रत्येक फ्रेम कोण खेळलं त्याचं पूर्ण नाव लिहा. दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्या की पत्रकाचा फोटो त्याच रात्री पाठवा, सकाळची वाट बघू नका.